सायकलची दांडी

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की टप्पे ठरलेले असतात. निजाम, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८, बहात्तरचा दुष्काळ, नामांतर, १९९३ चा भूकंप आणि २०१६ ला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. त्या त्या तारखेला मीही त्यावर लिहितो, पत्रकाराला लिहावंच लागतं. पण माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला कशावर बसून गेला, कुणाला विचारून गेला आणि कोण घरीच राहिलं, हे त्यात कुठं येत नाही. आज त्यावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

विषय आहे सायकल आणि मोटारसायकल. मला या दोन चाकांचं वेड लहानपणापासून. लातूर-नांदेड रस्ता आमच्या चाकूरवरूनच जातो. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला बसून डोळे मिटायचो आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचो. बुलेट तर कुणीही ओळखायचं. राजदूत आणि येझदीतला फरक सांगणारा खरा पट्टीचा. मी बहुतेक वेळा जिंकायचो.

तेव्हा ज्वारीच्या धाटाच्या गाड्या करायचो, आता भंगाराच्या करतो. बातमी पाठवून झाली, घरचे झोपले की रात्री तास-दीड तास. सायकलचे तुटके स्पोक, छत्रीच्या काड्या, बेअरिंगचे छर्रे, तेलाच्या डब्याचा पत्रा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली जळकी तांब्याची तार, टायरसाठी सलाईनची नळी. सोल्डरिंगची कांडी आणि एम-सील एवढंच काय ते विकतचं. माप ठरलेलं, एकास दहा. आजवर अकरा गाड्या झाल्यात.

सायकलचं चाक कशाचं करावं, यावर बरेच दिवस घासाघीस चालली होती. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला २८ बाय दीडचा टायर असतो. तो ज्या रिमवर बसतो तिचं माप ६३५ मिलिमीटर. एकास दहा केलं की साडेत्रेसष्ट मिलिमीटर. आणि कासाराकडं मिळणाऱ्या अडीचच्या बांगडीचं आतलं माप बरोबर अडीच इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटरच! दोन पितळी बांगड्या आणल्या, चाकं तयार. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा ओवल्या, कारण मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून खऱ्या सायकलीतही तसंच असतं. एकूण बहात्तर तारा. डोळ्याला पाणी आलं, पण चाक ‘आऊट’ न मारता फिरलं.

पंचमीला अक्का माहेरी आली. माझी थोरली बहीण. तिनं ती सायकल तळहातावर घेतली, चाक फिरवून बघितलं, घंटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “एवढी बारकी केलीस, पण दांडी तेवढीच उंच ठेवलीस की रे.”

अक्काची शाळा सातवीत सुटली. साल १९८५. गावात सातवीपर्यंतच शाळा, हायस्कूल सहा किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या वेळेला जुळणारी नाही. घरात सायकल होती. ती दादाची झाली, नंतर माझी. अक्काला सायकल नको असं कुणी म्हणालं नाही, कारण तिला द्यावी असा विचारच कुणाच्या डोक्यात आला नाही. परकर नेसलेली पोर दांडीवरून पाय टाकणार कशी? एवढ्यावर विषय संपला. गणितात ती माझ्यापेक्षा आणि दादापेक्षाही हुशार होती, हे आजही घरात सगळे मान्य करतात.

तिच्या त्या एका वाक्यानं मला कामाला लावलं. ही दांडी आली कुठून, ते शोधत गेलो.

सायकलचा मूळपुरुष १८१७ चा. जर्मनीतल्या कार्ल ड्राइस यानं लाकडाची दोन चाकं एकामागे एक जोडली. पायडल नव्हतं, जमिनीला पाय मारत पळायचं. आज आपण जिला सायकल म्हणतो ती १८८५ ची, इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली याची: दोन्ही चाकं सारखी, मागच्या चाकाला चेन. १८८८ ला डनलॉपनं हवेचा टायर आणला आणि हाडं खिळखिळी करणारं वाहन माणसात आलं. पुढं फ्रेमचा चौकोन ठरला. वरची दांडी त्या चौकोनाची एक बाजू. ती असली की फ्रेम हलकी राहूनही वजन पेलते. म्हणजे दांडीमागं कारण मजबुतीचं होतं. पण तिकडं १८९० च्या आसपासच बायकांच्या लांब झग्यासाठी दांडी खाली वाकवलेली सायकल निघाली. दांडीला पर्याय असतो, हे जगाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

आपल्याकडं सायकल आली ती साहेबाबरोबर. मराठी माणसाच्या उद्योगाची एक मोठी कहाणी तर सायकलच्या दुकानातूनच सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवायला होते, भाऊ रामुअण्णा बेळगावात. १८८८ ला दोघांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. गिऱ्हाईक बहुतेक साहेब आणि बडे लोक. त्या दुकानातून पुढं कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर निघाला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी सुरुवातीला त्या नांगराला हात लावत नव्हते. १९१० ला किर्लोस्करवाडी वसली. सायकलीतून नांगर! ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

१५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि मार्च १९२८ मध्ये परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. वाळवंट, डोंगर, जंगल, सगळं सायकलवर. त्याच काळात आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेनं बससेवा सुरू केली ती १९३२ ला, संस्थानभर मिळून २७ गाड्यांवर. पावसाळ्यात चिखलानं भरलेल्या पाणंदीच्या गावाला त्याचा काय उपयोग? आमच्याकडं माणूस चालत जायचा नाहीतर बैलगाडीनं.

सायकल देशात बनायला लागली तेव्हा स्वस्त झाली. १९३९ च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल, स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ ला सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ ला लुधियान्याला हिरो. साठ-सत्तरच्या दशकात ती आमच्या गावांत पोचली. आधी पोस्टमन आणि मास्तर, मग दूधवाले, मग लग्नात हुंडा म्हणून. सायकल, घड्याळ आणि रेडिओ, असा तो त्रिकूट मान होता. नवरदेव सायकलवर बसून रुसायचे.

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी आणखी एक ऐकलंय. काही गावांत दलित माणसानं वेशीतून सायकलवर बसून जायचं नाही, अशी रीत होती. उतरायचं, हातात धरून चालायचं, गाव ओलांडल्यावर बसायचं. स्वतःच्या घामाच्या पैशानं घेतलेली सायकल, पण गावाच्या हद्दीत ती हातातच. म्हणजे चाकं दोन असली तरी ती कुणाच्या पायाखाली फिरायची हे गावच ठरवत होतं. कुठं वेस आडवी, कुठं दांडी आडवी.

पोरांसाठी मात्र दांडी कधीच अडचण नव्हती. उंची पुरत नव्हती तेव्हा आम्ही दांडीखालून पाय घालून कैची मारायचो. मग हाफ पायडल, मग दांडीवर, मग सीटवर. तासाला एक रुपया भाडं. गुडघे फुटायचे, आई हळद लावायची आणि वडील म्हणायचे, पडल्याशिवाय येत नाही. पोरींना पडायचीच मुभा नव्हती, तर येणार कुठून?

आता मोटारसायकल. माझ्या फळीवर दुसऱ्या ओळीत त्या आहेत. बुलेट मद्रासला १९५५ पासून. जावा म्हैसूरला १९६१ पासून आणि १९७३ पासून तीच ‘येझदी’ नावानं. जावाची खुबी अशी की किक आणि गिअर एकाच दांड्यात. त्या एका दांड्यासाठी माझे आठ दिवस गेले. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, मूळ आराखडा पोलंडचा. खेड्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागं एक माणूस, वर पेंडीचं पोतं, एवढं सगळं ती ओढायची. टू-स्ट्रोक, पेट्रोलमधे ऑइल घालायचं, धूर निळा. माझ्या राजदूतला मी दुधाचे कॅन लावलेत, त्याशिवाय ती राजदूत वाटतच नाही.

शहरातल्या नोकरदाराला तेव्हा स्कूटर हवी असायची, पण किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. बजाजची स्कूटर बुक केली की काही जणांना दहा दहा वर्षं वाट पाहावी लागायची. पोरगी जन्मली की तिच्या लग्नासाठी आत्ताच स्कूटर बुक करा, असा विनोद चालायचा. १९८५ ला औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना झाला आणि मराठवाड्यातली कितीतरी पोरं गाडीवर बसायच्या आधी गाडी जोडायला शिकली. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, लिटरला ऐंशीच्या आसपास धावायची. इथून खेड्यातलं गणित बदललं.

पण या सगळ्या गाड्यांत बाई कुठं होती? मागं. एका बाजूला पाय सोडून, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातानं सीट धरून. मोटारसायकलला दांडी नसते, त्या जागी पेट्रोलची टाकी येते. साडी नेसलेल्या बाईला दोन्ही सारख्याच. बाई मागं बसणार हे कायद्यानंही धरून ठेवलंय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्यानं जीव वाचतात. पण साडी पुढच्या सीटवर असेल, हे ध्यानात घेऊन गाडी बनवायला कुणी तयार होतं का?

एक गाडी होती. लूना. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ ला आणलेली, अवघी ५० सीसीची, पायडल असलेली. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी यायचं. पुरुष मंडळी तिला हसायची, ‘ही काय गाडी आहे’ म्हणायची. पण तिला दांडी नव्हती आणि टाकी पायाच्या आड येत नव्हती. साडी सावरून पुढं बसता यायचं. आमच्या भागात स्वतः गाडी चालवणारी पहिली बाई मी पाहिली ती लूनावर. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाई होत्या. लसीचा डबा मागं बांधून गावोगाव फिरायच्या. पोरं मागं पळायची, पारावरचे म्हातारे माना वळवायचे. त्या कुणाकडं बघायच्या नाहीत, कारण रस्त्यातले खड्डेच एवढे होते. नंतर स्कूटी आली, अ‍ॅक्टिव्हा आली. पण आमच्याकडं सुरुवात लूनानं केली. माझ्या फळीवर ती सगळ्यात लहान आहे आणि तिला मी सगळ्यात पुढं ठेवलीय.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे दोष लोखंडाचा. दांडी काढली असती की अक्का शिकली असती. मलाही हे सोपं उत्तर आवडलं असतं. पण तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट ते उत्तर टिकू देत नाही.

१९९१ ला तिथं साक्षरता चळवळ चालू होती. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. बायकांसाठी शिबिरं भरली, सायकलीसाठी कर्जाची सोय झाली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीताई, अशा लाखभर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय. त्यात एक गोष्ट अशी की लेडीज सायकली कमी पडायला लागल्यावर बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. का? तर दांडीवर लेकराला बसवता येतं म्हणून!

तीच दांडी. आमच्याकडं ती पोरीची शाळा अडवणारी, तिकडं लेकराला बसवायची जागा. लोखंड तेच होतं. फरक एवढाच की तिथं सरकार, शेजारीपाजारी आणि घरचे यांनी मिळून बाईला सांगितलं की पड, उठ, परत बस. १९८५ ला अक्काला हे सांगणारं कुणी नव्हतं.

बिहारनं २००६ ला नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. हायस्कूलच्या वयाच्या मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगीतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. सगळ्यात जास्त फायदा कुणाला? ज्यांचं हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं त्यांना. अक्काचं सहा होतं.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे, राजकारण बाजूला ठेवून म्हणतो. पण बातमीसाठी गावोगाव फिरताना मी त्यातल्या कितीतरी सायकली भिंतीला टेकलेल्या बघतो. कारण विचारलं की साधं असतं. ट्यूब गेली, चेन तुटली, गावात आता सायकलचं पंक्चर काढणारा राहिला नाही. जो आहे तो मोटारसायकलचंच काढतो, सायकलच्या पंक्चरला त्याला परवडत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी हजारोंची सायकल पडून, आणि पोरगी परत कुणाच्या तरी गाडीमागं बसायला मोकळी किंवा घरी.

दुसरं कारण रस्ता. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ११.७ टक्के घरांत स्कूटर-मोटारसायकल होती, २०११ ला २१ टक्के घरांत. आता तर आमच्या गल्लीत गाडी नसलेलं घर शोधावं लागतं. मला गाड्या आवडतात, त्यामुळं त्याचं दुःख नाही. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ मागं बसलेले. अशा रस्त्याच्या कडेनं सहा किलोमीटर पोरगी सायकलवर पाठवायची म्हणजे बापाचा जीव टांगणीला. ट्रक, ट्रॅव्हल्स, उसाच्या ट्रॉल्या. तो नको म्हणतो तेव्हा दर वेळी जुनाट विचारानंच म्हणतो असं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

आता ती नांगराची गोष्ट. किर्लोस्करांनी सायकलीच्या दुकानातून शेतीकडं वाट काढली. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्यानं सायकलचीच कोळपणी केली. पुढचं चाक, हँडल आणि बैठकीच्या जागी कोळप्याची पास. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली. आज आमच्या चाकूर, अहमदपूर भागात सोयाबीनच्या रानात सायकल कोळपं जागोजागी दिसतं. बैल ठेवणं ज्याला परवडत नाही त्याचा तो बैल. नळेगावच्या रस्त्याला परवा बायका ते ढकलताना दिसल्या. आमच्याकडच्या कित्येक बायांच्या हातात सायकलचं हँडल पहिल्यांदा आलं ते असं, रानात, राबण्यासाठी. राबायला सायकल दिली तेव्हा पदराची, परकराची अडचण कुणाला आठवली नाही!

या पोस्टमागचं माझं म्हणणं आता थोडक्यात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलंय, दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलसुद्धा तिथं आहे. आमच्या सायकली मात्र किलोच्या भावानं भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर कोण त्यावर बसलं, कोणाला बसू दिलं नाही, ही माहितीही जाते. ती मला लिहून ठेवायचीय.

आणि दोन मागण्या, ज्यांना खर्च फार लागत नाही. एक, प्रत्येक हायस्कूलनं वर्षातून दोनदा सायकल दुरुस्तीचा दिवस ठेवावा. मिस्त्री बोलवावा, ट्यूब-टायर-चेनचा खर्च लोकवर्गणीतून करावा, आणि पंक्चर काढायला मुलींनाच शिकवावं. पहिल्या दिवसाला माझे पाने आणि मी, दोन्ही फुकट. दोन, तालुक्यातल्या शाळांकडं जाणाऱ्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या भरून घ्याव्यात, एवढी रुंद की सायकल डांबरावर न चढता जाईल. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव कुणी मांडणार असेल तर सांगा, मसुदा मी लिहून देतो.

वाचणाऱ्यांना एक काम. तुमच्या गावात सायकल किंवा गाडी स्वतः चालवणारी पहिली बाई कोण होती, साल कोणतं, गाडी कोणती, आणि गाव काय म्हणालं, हे कमेंटमधे लिहा. नाव त्यांना विचारूनच टाका. आई असेल, मावशी असेल, शाळेतल्या बाई असतील. जुना फोटो असेल तर फारच चांगलं. फोटोवरून त्या गाडीचं एकास दहा मॉडेल मी करीन आणि त्याखाली गाडीच्या कंपनीच्या आधी चालवणारीचं नाव लिहीन.